दोन दातांमधली फट

डॉक्टर मगदूम मॅडमनी सुवार्ताचा वरचा ओठ दोन बोटांनी उचलला, दिवा खाली ओढला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "दुधाचे पुढचे कधी पडले?"

"मागच्या जुलैत. नवे नाताळापर्यंत आले," मी म्हणाले.

मॅडमनी आरसा फिरवला, मागच्या दाढा मिटायला लावल्या, हनुवटी कुठल्या एका बाजूला सरकते का ते पाहिलं. सुवार्ता त्या मोठ्या खुर्चीत आडवी पडून पंख्याची पाती मोजत होती. सात वर्षं आणि काही महिने तिचं वय. वरच्या दोन नव्या दातांमध्ये माझं नख सहज जाईल एवढी फट होती आणि दोन्ही दात खाली येता येता एकमेकांवर रुसल्यासारखे लांब फाकले होते. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, या पोरीच्या तोंडाचं लवकर काहीतरी करा.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "जा सुवार्ता, चूळ भर आणि आत जाऊन बस."

ती उडी मारून आत पळाली. आत म्हणजे दवाखान्याच्या मागच्या माझ्या खोलीत. पेशंटच्या जबड्याची मापं तिथं माझ्याकडे यायची. मी त्यांत प्लास्टर ओतून जबडे करायची, तारा वाकवायची, दातांवर बसवायच्या गुलाबी प्लेटा घासून गुळगुळीत करायची. अठरा वर्षं हेच केल्यावर माणूस बिघडतो. मिरजेच्या बाजारात एखादी बाई ओळखीचं हसली तर मला तिचं नाव आठवायचं नाही, पण खालचा डावा सुळा आडवा होता हे मात्र आठवायचं.

त्या दिवशी सकाळी मी एक गोष्ट केली होती, जी कुणाला सांगायला आजही लाज वाटते. माझ्या बहिणीच्या पोरीच्या दातात काहीतरी खोट निघू दे, अशी मी गुडघे टेकून प्रार्थना केली होती.

"काही करायचं नाही," मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या. "या वयात असंच दिसतं. बाजूचे सुळे खाली उतरताना या दोघांना आत ढकलतात. अकरा-बारापर्यंत हात लावायचा नाही. तेव्हा बघू."

मी म्हणाले, फट जरा जास्तच नाही का? ओठ नीट मिटत नाही, अंगठा चोखायची सवयही होती लहानपणी, एखादी साधी प्लेट दिली तर पुढचा त्रास वाचेल. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण कधी आवाज चढवायच्या नाहीत.

"मार्थाताई, मागच्या महिन्यात त्या कुपवाडच्या बाई मुलाला घेऊन आल्या होत्या, त्यांना हे सगळं तुम्हीच समजावलंत ना? घरचं पोर आलं की सगळ्यांचं असंच होतं. दाढा सरळ मिटतात, जबडा कुठं अडत नाही. चांगलं तोंड आहे तिचं."

चांगलं तोंड आहे. दुसऱ्या कुणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. मला नाही वाटलं.

लिदिया माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी. आमच्या घरात बायका एक तर नर्स होतात किंवा शिक्षिका. मी दोन्ही झाले नाही आणि लग्नही केलं नाही. आईच्या आजारपणात वर्षं गेली, मग ती गेली आणि वर्षं जायची थांबलीच नाहीत. लिदिया नर्स झाली. सुवार्ता अडीच वर्षांची असताना तिला मस्कतच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. दोनच वर्षं, असं ठरलं होतं. नर्सेसच्या वसतिगृहात मूल ठेवायची सोय नव्हती, म्हणून पोर माझ्याकडे राहिली. पुढं तिचा नवरा विल्सनही तिकडे अॅम्ब्युलन्स चालवायला गेला आणि दोनाची पाच वर्षं झाली.

त्या पाच वर्षांत मी काय काय झाले ते मलाच माहीत. कांजिण्यांत तिच्या अंगाला कडुनिंबाचा पाला फिरवणारी, शाळेच्या गॅदरिंगला पुठ्ठ्याचे पंख शिवणारी, तिच्या खोकल्याच्या आवाजावरून उद्या ताप येणार की नाही हे सांगणारी. ती मला मावशीच म्हणायची. कधी चुकूनही आई म्हणाली नाही. मी वाट बघितली नाही असं कसं म्हणू? बघितली.

जानेवारीत लिदियाचा फोन आला. त्यांना कुटुंबासाठीचं क्वार्टर मिळालं होतं. एप्रिलमध्ये तिथली शाळा सुरू होते, तेव्हा सुवार्ताला नेणार. मग म्हणाली, "फक्त तिच्या दाताचं बघ अक्का. फोटोत फार विचित्र दिसायलेत. आत्ताच काही करायला लागणार असेल तर तिथंच राहू दे. दीड-दोन वर्षं गेली तर गेली. इथल्या कुणापेक्षा तुझ्या हातावर माझा भरवसा आहे. काही लागणार नसेल तर एप्रिलमध्ये येऊन घेऊन जातो."

म्हणजे माझं सगळं त्या दोन दातांवर येऊन बसलं होतं.

शुक्रवारी लिदियाला सुट्टी असायची, त्यामुळे फोन शुक्रवारी दुपारी. सुवार्ताचं जेवण झालं होतं आणि ती जमिनीवर पोटावर झोपून चित्र रंगवत होती. मी आधीच ठरवलं होतं असं नाही. फोन उचलेपर्यंत खरं तेच सांगणार होते.

"काय म्हणाल्या मॅडम?" लिदियानं विचारलं.

"प्लेट लागेल म्हणाल्या," मी म्हणाले. "आत्ताच. उशीर केला तर पुढं अवघड जाईल."

तिनं एवढंच विचारलं,

"किती दिवस?"

"दीड वर्ष तरी."

"मॅडम म्हणाल्या असं?"

"हो."

ती म्हणाली, "बरं. तू म्हणतीस तर तसं करूया," आणि पोरीला फोन दे म्हणाली. सुवार्ता फोनवर ओरडून बोलायची, मस्कत लांब आहे म्हणून. "मी जेवलो आई! अंडं खाल्लो!" आमच्या मिरजेकडे पोरी बोलतात तसं पोरांसारखंच बोलायची ती. लिदिया नेहमी टोकायची, जेवले म्हण. त्या दिवशी टोकलं नाही.

फोन ठेवल्यावर सुवार्तानं विचारलं, "मी आईकडं कधी जाणार?"

"दात जुळले की," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि आकाशाला निळा रंग द्यायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला होता ते आठवत नाही. त्या संध्याकाळी मी गव्हाची खीर केली आणि दोन वाट्या खाल्ल्या.

पण प्लेट काही मी केली नाही. करता आली असती. तिचं माप घेणं मला काही अवघड नव्हतं. मॅडम सांगलीला गेल्या की दुपारभर दवाखान्यात मी एकटीच असायची. एकदा तार कापूनही घेतली आणि पक्कड हातात धरून बसून राहिले. जिथं लागत नाही अशा तोंडात तार घालायची म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. खोटं बोलायला तोंड धजलं, हात धजले नाहीत. मी तार टाकून दिली आणि स्वतःला चांगली बाई समजले.

मार्च गेला, एप्रिल गेला. तिकडची शाळा सुरू झाली असेल तो दिवस मी मुद्दाम कामात घालवला. सुवार्ता अधूनमधून विचारायची, माझी प्लेट कधी? मी सांगायची, दात अजून थोडे येऊ देत. कधी म्हणायची, मटेरियल संपलंय. तिला पटायचं. मावशी दातांचं काम करते, मावशीला सगळं कळतं, असं तिचं म्हणणं होतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि ती दिवसभर माझ्याबरोबर दवाखान्यात यायला लागली. मी तिला उरलेलं प्लास्टर द्यायची, ती बिस्किटाच्या साच्यातून चांदण्या पाडायची. कंटाळा आला की मॅडमच्या दारात उभी राहून पेशंट बघायची. मोठ्या मुली यायच्या तारा लावलेल्या. मॅडम त्यांना मसुराच्या दाण्याएवढ्या रबराच्या कड्या द्यायच्या, दोन दातांना अडकवायला, आणि दर वेळी तेच सांगायच्या, रोज लावायचं, आळस करायचा नाही, तरच दात जुळतील. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला ऐकूच यायचं नाही.

महिना संपता संपता तिची फट कमी झालेली मला दिसली.

आता हे नीट सांगते, कारण इथंच मी चुकले. दात असे आठवड्यात सरकत नाहीत, हे त्या गावात मॅडमच्या खालोखाल कुणाला कळत असेल तर मला. दुसऱ्या कुणाचा जबडा असा टेबलावर आला असता तर मी माप घेऊन धावत बाहेर गेले असते. पण तिच्याकडे बघताना मला एकच भय वाटलं, की दात आपोआप जुळले तर लिदियाला आता काय सांगायचं. मी फटीकडे बघत होते आणि मला तिचे माझ्याकडचे दिवस कमी होताना दिसत होते. ती भाकरी दुधात कुस्करून मागायला लागली. हसताना तोंडावर हात धरायला लागली. मला वाटलं, शाळेत कुणी चिडवलं असेल. सुट्टीत कुठली शाळा, हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दात घासताना ती थुंकली आणि मोरी लाल झाली. मी तिला उजेडाकडे वळवलं. दोन्ही पुढचे दात एकमेकांना चिकटले होते आणि बाजूच्या दातांपेक्षा लांब दिसत होते. हिरडी सुजून वांग्यासारखी जांभळी. मी बोट लावलं तर दात हलला. पक्का दात, आयुष्यभर टिकायचा, माझ्या बोटाखाली हलला.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

मॅडम नऊला यायच्या. मी साडेआठला दारात उभी होते, पोरीला कडेवर घेऊन. ती काही कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती.

मॅडमनी हिरडी बधिर केली आणि बारीक चिमट्यानं आत शोधायला लागल्या. बराच वेळ गेला. मग हिरडीच्या आतून, दाताच्या मुळापासून, त्यांनी एक रबराची कडी बाहेर काढली. ट्रेमध्ये ठेवली. पुन्हा आत गेल्या आणि दुसरी काढली. दाताचं मूळ गाजरासारखं निमुळतं असतं, अडकवलेलं नुसतं रबर त्यावरून वर सरकत हिरडीत शिरतं आणि बाहेरून दिसेनासं होतं. आत ते दाताला उपटत राहतं. तारा लावलेल्या मुलींचं रबर सरकत नाही, कारण तिथं अडकवायला हूक असतात. सुवार्ताला हूक नव्हते.

"आणखी पंधरा दिवस गेले असते तर दोन्ही दात हातात आले असते," मॅडम मला हळूच म्हणाल्या. मग तिच्या गालावर हात ठेवून विचारलं, "हे कुणी घातलं बाळा?"

"मीच."

"दोन्ही?"

"पहिलं हरवलं. मग दुसरं घातलं."

"कशाला गं पण?"

तिची जीभ जड झाली होती, तरी तिनं नीट सांगितलं. "प्लेट होईना म्हणून. दात जुळले की आई नेणार, मावशी म्हणाली. तुम्ही त्या ताईला सांगितला होता की, आळस करायचा नाही."

मॅडमनी मान वर केली. "कसली प्लेट?"

मॅडम हुशार बाई. त्यांना फार वेळ लागला नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कापसाचा बोळा माझ्या हातात दिला, "धरा इथं" म्हणाल्या आणि दातांना आधार म्हणून मागून बारीक तार चिकटवायला लागल्या. ती तार मीच वाकवून दिली. पहिली चुकली म्हणून दोनदा वाकवावी लागली. त्यानंतर बरेच महिने मॅडम माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

दुपारी माझ्या खोलीत तिला गाढ झोप लागली तशी मी दवाखान्याच्या बाहेरच्या जिन्यात बसून लिदियाला फोन लावला. शुक्रवार नव्हता. तिनं पहिल्याच रिंगला उचलला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी दातांचं सगळं सांगितलं. ती नर्स आहे, मध्ये रडली नाही, नेमके प्रश्न विचारले. हलतात किती, पू आहे का, एक्सरे काढला का. सगळं विचारून झाल्यावर मी म्हणाले, "लिदिया, मी खोटं बोलले. मॅडमनी प्लेट सांगितलीच नव्हती. काही करायचं नाही म्हणाल्या होत्या."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्याच आठवड्यात आमच्या हॉस्पिटलातल्या दातांच्या डॉक्टरांना फोटो दाखवला मी. ते हसायला लागले. म्हणाले, निम्म्या पोरांचे असेच असतात, मोठी झाली की मिटतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी टाकून गेलेली. पाच वर्षं तू केलंस सगळं. म्हटलं, अक्काला अजून एक वर्ष मिळू दे." आता ती रडत होती. "मी रोज रात्री तिचा फ्रॉक उशाशी घेऊन झोपतो अक्का. पण मला वाटलं, तुला जास्त लागेल."

मी जिन्यात बसून राहिले. खाली दवाखान्यात कुणीतरी नंबर पुकारत होतं. माझी बहीण कधीपासून माझ्यासाठी खोटं ऐकून घेत होती आणि मला वाटत होतं मीच एकटी हुशार. आम्ही दोघी एकमेकींचं मन सांभाळत बसलो होतो. त्यात पोरीला काय हवं होतं ते तिनं तिचं तिचं करायला घेतलं.

लिदिया आणि विल्सन जुलैत येणार असं ठरलं. तोवर दात घट्ट होतील, असं मॅडम म्हणाल्या, आणि ते झालेही. बाराव्या वर्षी सुळे उतरले तेव्हा फटही मिटली. मॅडमचा शब्द खरा ठरला.

पण सुवार्ताला खरं सांगायचं राहिलं होतं. रोज ठरवायची आणि रोज टाळायची. शेवटी त्यांचं विमान यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती दारात बसून थंडगार कस्टर्ड खात होती तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"सुवी, तुझ्या दाताला काही झालंच नव्हतं," मी म्हणाले. "मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, चांगले आहेत म्हणून. आई तुला एप्रिलमध्येच नेणार होती. मी खोटं सांगितलं, तुलाही आणि आईलाही."

तिनं चमचा तोंडातच धरून माझ्याकडे बघितलं. रडेल, रागावेल, कशालाही मी तयार होते.

"का?"

"तू गेली असतीस म्हणून. मला तू इथं हवी होतीस."

तिनं चमचा वाटीत ठेवला. मग जरा वैतागूनच म्हणाली, "मग मला सांगायचं की मावशी. मी राहिलो असतो."

ती खरंच राहिली असती का, कुणास ठाऊक. सात वर्षांचं पोर, आईसाठी हिरडी फुटेपर्यंत सोसलेलं. पण तिच्या बोलण्यात खोटं नव्हतं, इतकं मी शपथेवर सांगते. तिनं वाटी चाटून पुसून संपवली आणि बॅगेत काय काय भरायचं ते विचारायला लागली. दोन दिवसांनी ती गेली. मी पुण्यापर्यंत सोडायला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन कामाला बसले.

याला आता बारा वर्षं झाली. लिदियाकडे मी माफी मागितली, मॅडमकडेही मागितली, दोघींनी केव्हाच ती दिली. एवढं मात्र अजून गिळता येत नाही. ती आपल्याकडे राहावी म्हणून मी देवाची विनवणी केली, मॅडमची केली, बहिणीशी खोटं बोलले. जिला विचारायचं, तिला विचारावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.